उपरी, मिरासदार आणि डेबियनचे दार

महाविद्यालयात शिकवणाऱ्या कोणत्याही माणसासमोर ‘मान्यता’ हा शब्द नुसता उच्चारून पाहावा. त्याच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात त्यांना नऊ रस पुरणार नाहीत. निवड समितीने निवड केलेली असते, नेमणुकीचे पत्र हातात असते, तासही सुरू झालेले असतात. फक्त ‘मान्यता’ आलेली नसते. प्रस्तुत लेखकाची फाइल एका कार्यालयात (कोणत्या, ते सांगण्याचे प्रयोजन नाही) अडीच वर्षे होती. या अडीच वर्षांत मला कोणीही ‘नाही’ म्हटले नाही. नकार मिळाला असता तर त्याविरुद्ध अर्ज करता आला असता, भांडता आले असते. पण फाइल ‘टेबलावर’ होती, आणि टेबलाविरुद्ध भांडता येत नाही. मी केशवसुत शिकवत होतो, उत्तरपत्रिका तपासत होतो, स्नेहसंमेलनाच्या एकांकिका बसवत होतो. कागदोपत्री मात्र मी तेथे नव्हतो.

ही अवस्था सरकारी कारभाराची देणगी आहे, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. जेथे पगार नाही, साहेब नाही, लाल फीत नाही, माणसे आपखुशीने येतात आणि आपखुशीने राबतात, तेथे असे काही नसणार असे वाटे. गॅब्रिएला कोलमन या मानववंशशास्त्राच्या अभ्यासिकेचे ‘कोडिंग फ्रीडम’ (२०१३) हे पुस्तक वाचताना या समजुतीला तडा गेला. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मंडळींच्या जगाचा हा अभ्यास आहे आणि त्यातील एक मोठा भाग ‘डेबियन’ नावाच्या प्रकल्पाविषयी आहे. त्या वाटेने मी डेबियनचा इतिहास वाचत गेलो. एका स्वयंसेवी संस्थेच्या दाराशी, आत येऊ इच्छिणारी माणसे कित्येक महिने आणि काही वेळा वर्षाहूनही अधिक काळ का उभी राहिली, याची ती कथा आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना ती परकी वाटेल. पण त्या दाराशी माणसांकडून जे मागितले गेले ते प्रामुख्याने लेखन होते, आणि सर्वांत जास्त काळ ताटकळले त्यांत भाषेचे काम करणारे होते. तेव्हा ती आपल्या प्रांताबाहेरची नाही.

डेबियन म्हणजे संगणक चालवणारी एक संपूर्ण व्यवस्था. विंडोज हे जसे एका कंपनीचे, तसे डेबियन हे कोणाचेच नाही, किंवा सर्वांचे आहे. लिनक्सचा गाभा आणि त्याभोवती हजारो सॉफ्टवेअर, प्रत्येक नीट बांधलेल्या गाठोड्यात. या गाठोड्याला ‘पॅकेज’ म्हणतात आणि ते बांधून त्याची निगा राखण्याची जबाबदारी एकेका स्वयंसेवकाने घेतलेली असते. इयन मरडॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने १६ ऑगस्ट १९९३ रोजी या प्रकल्पाची घोषणा केली. नाव आपले आणि आपल्या मैत्रिणीचे (पुढे पत्नीचे) मिळून ठेवले : डेब्रा आणि इयन. प्रारंभीच्या वर्षांत सभासद होणे म्हणजे काम करण्याची इच्छा कळवणे आणि कामाला लागणे एवढेच होते. दारच नव्हते, त्यामुळे ते बंद असण्याचा प्रश्न नव्हता.

मग घर वाढले. डेबियनने स्वतःच्या इतिहासात नोंदवलेले आकडे बोलके आहेत. डिसेंबर १९९६ च्या आवृत्तीत ८४८ पॅकेजे होती आणि सभासद १२०. जून १९९७ मध्ये पॅकेजे ९७४, सभासद २००. जुलै १९९८ मध्ये पॅकेजे दीड हजारांवर आणि सभासद चारशेच्या वर. म्हणजे दीड-पावणेदोन वर्षांत माणसे तिपटीहून अधिक झाली. त्यानंतर ऑगस्ट २००० च्या आवृत्तीचा आकडा पाहावा : सभासद साडेचारशेच्या वर. दोन वर्षांत अवघे पन्नासेक! याच काळात पॅकेजांची संख्या एकोणचाळीसशेवर गेली होती. म्हणजे काम वाढत होते, जग या प्रकल्पाकडे पाहत होते, आणि माणसे मात्र जवळजवळ तेवढीच राहिली. कारण साधे आहे. १९९९ च्या ऑक्टोबरात, विखर्ट आकरमान प्रकल्पप्रमुख असताना, नव्या सभासदांसाठी दार बंद करण्यात आले.

बंद करणाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांची अडचण खरी होती. डेबियनचा सभासद जे पॅकेज चढवतो ते जगभरच्या अगणित संगणकांवर, कोणतीही वरिष्ठ तपासणी न होता, पूर्ण अधिकारानिशी जाऊन बसते. सभासदत्व म्हणजे लोकांच्या घरांच्या किल्ल्या. १२० माणसे एकमेकांना पत्रव्यवहाराने ओळखत असतात. ४०० ओळखत नाहीत. नवे येणारे केवळ हौसेने येतात की त्यांना या खटाटोपामागचे तत्त्व कळले आहे, हाही प्रश्न होता. १९९७ च्या जुलैत डेबियनने ‘सामाजिक करार’ नावाचा दस्तऐवज स्वीकारला होता : आमचे सॉफ्टवेअर मुक्तच राहील, अडचणी आम्ही झाकून ठेवणार नाही, वापरणारे आणि मुक्त सॉफ्टवेअर यांनाच आमचे अग्रक्रम असतील, असे त्याचे आशयसूत्र. ज्याला हा करार कळत नाही त्याला किल्ल्या द्याव्यात काय?

२००० च्या एप्रिलमध्ये दार पुन्हा उघडले ते चौकट, अडसर आणि द्वारपाल यांच्यासह. नव्या रीतीत पायऱ्या होत्या. प्रथम एखाद्या सभासदाने शिफारस करायची. मग ‘फ्रंट डेस्क’ म्हणजे स्वागतकक्ष अर्ज पाहून अर्जदाराला एक मार्गदर्शक-परीक्षक नेमून देणार. मग ओळख पटवायची : अर्जदाराच्या सांकेतिक किल्लीवर एखाद्या विद्यमान सभासदाची सही हवी, आणि ती सही देण्याआधी त्या सभासदाने अर्जदाराला समोरासमोर भेटून पारपत्रासारखे ओळखपत्र पाहिलेले असावे. सगळे आयुष्य पडद्यामागे घालवणाऱ्या या मंडळींनी विश्वासाचा पाया मात्र प्रत्यक्ष भेटीवर रचला, ही मौजेची गोष्ट आहे. आपल्याकडील जुन्या मिरासपत्रांवर पाटील-कुलकर्ण्यांची आणि गावच्या इतर मिरासदारांची गोही पडे, त्याच जातीचे हे काम. (युरोपात वा अमेरिकेत एखादा सभासद पुढच्या गावी सापडे. २००० साली सोलापुरात, किंबहुना महाराष्ट्रात, अर्ज करू इच्छिणाऱ्याने सही देणारा माणूस कोठे शोधायचा होता?)

ओळखीनंतर परीक्षा. तिचे दोन भाग. दुसरा भाग कौशल्याचा : पॅकेज बांधून दाखवा, दोष दूर करून दाखवा. युरोपातील मध्ययुगीन कारागीर-संघात शिकाऊ माणसाला उस्ताद म्हणून प्रवेश घेण्यासाठी एक उत्तम वस्तू घडवून दाखवावी लागे, तोच प्रकार. पहिला भाग मात्र कारागीर-संघातही नव्हता. ‘तत्त्वज्ञान आणि कार्यपद्धती’ असे त्याचे नाव. अर्जदाराने आपण या वाटेला कसे आलो ते सांगायचे, सामाजिक करार आपल्याला कसा कळला ते आपल्या शब्दांत लिहायचे, आणि काल्पनिक पेच सोडवायचे : अमुक परवाना मुक्त म्हणावा की नाही, का नाही, तमुक प्रसंगी तुम्ही काय कराल. उत्तरे पानेच्या पाने होत. परीक्षक उलट प्रश्न विचारी, अर्जदार पुन्हा लिही.

कोलमनबाईंनी या उत्तरांकडे नैतिक घडणीची कागदपत्रे म्हणून पाहिले आहे. माणूस आपले पूर्वायुष्य एका विशिष्ट दिशेने सांगू लागतो, आणि सांगता सांगता त्या दिशेचा होतो. साहित्याच्या विद्यार्थ्याला यात आणखी काही दिसेल. आत्मकथन आणि भाष्य हे दोन प्रकार येथे एकत्र येतात. मूळ संहिता छोटी, ‘सामाजिक करार’ जेमतेम पानभर. तिच्यावर शेकडो अर्जदारांनी लिहिलेले भाष्य प्रचंड. भाष्यातून संप्रदायात प्रवेश घेण्याची रीत आपल्याला नवी नाही. फरक एवढाच, की हे भाष्य बहुतेकदा एकाच वाचकासाठी लिहिले गेले, आणि त्या वाचकाला ते पटले तरी लेखक आत जात नसे.

येथे या इतिहासाची खरी गाठ आहे. परीक्षा कठीण होती म्हणून माणसे ताटकळली, असे वरवर वाटते. परीक्षेलाही वेळ लागेच, कारण परीक्षक स्वतः स्वयंसेवक. परंतु २००० च्या दशकात सर्वाधिक कुरबुर झाली ती परीक्षेनंतरच्या टप्प्याविषयी. परीक्षक अनुकूल अहवाल देई, स्वागतकक्ष तो पाहून पुढे पाठवी, आणि तेथून अर्ज ‘खाते-व्यवस्थापका’कडे जाई. अंतिम मान्यता आणि खाते उघडणे, दोन्ही त्याच्या हाती. हे पद एका-दोघांकडेच असे, आणि हीच माणसे प्रकल्पाची इतरही जड कामे उचलत असत. सगळे झाले आहे, फक्त सही राहिली आहे, या स्थितीत अर्ज महिनोन्‌महिने पडून राहत.

असे का व्हावे? दुष्टावा म्हणावा तर पुरावा नाही, आळस म्हणावा तर हीच माणसे रात्रीचा दिवस करीत होती. मला याचे उत्तर डेबियनच्या घटनेत सापडले. होय, त्यांना घटना आहे. १९९८ च्या डिसेंबरात ती स्वीकारली गेली. तिच्यातील दोन कलमे एकमेकांशेजारी ठेवून वाचावीत. एक कलम म्हणते, की या घटनेमुळे कोणावरही कोणतेही काम करण्याचे बंधन येत नाही. सोपवलेले काम करायचे नसेल तर ते करू नये, मात्र नियमांच्या आड येऊ नये. स्वयंसेवी संस्थेत याहून न्याय्य कलम कोणते असणार? दुसरे कलम प्रकल्पप्रमुखाच्या अधिकारांविषयी आहे. नवा सभासद घेणे वा जुना काढणे हा निर्णय प्रमुखाने स्वतः घ्यायचा नाही. त्याने नेमलेल्या प्रतिनिधींनी तो घ्यायचा. कारणही घटनेतच दिले आहे : सभासदत्वावरची सत्ता एका प्रमुखाच्या हाती एकवटू नये. ज्या संस्थेत प्रमुखाची निवड सभासद करतात, तेथे प्रमुखाने सभासद निवडू नयेत, हा विचार किती सावध आहे हे सहकारी संस्थांच्या निवडणुका जवळून पाहिलेल्या सोलापूरकराला वेगळे सांगायला नको. मतदारयादी ज्याच्या हाती, त्याच्या हाती सर्व काही.

दोन्ही कलमे चांगली आहेत. दोन्ही एकत्र आली की मात्र असे होते : सभासद घेण्याचा अधिकार मोजक्या प्रतिनिधींकडे, प्रमुखाला तेथे थेट हात घालता येत नाही, आणि त्या प्रतिनिधींना काम करायला कोणी भाग पाडू शकत नाही. तिसरी गोष्ट त्याहून सूक्ष्म. प्रतिनिधीचा निर्णय पटला नाही तर सभासदांनी सर्वसाधारण ठराव करून तो फिरवावा, अशी तरतूद घटनेत आहे. पण फिरवायला आधी निर्णय हवा. पडून राहिलेला अर्ज हा निर्णय नव्हे. तो फिरवता येत नाही. आणि ठराव मांडण्याचा, मत देण्याचा हक्क सभासदांना. ज्याला त्रास होतो तो तर अजून सभासदच नाही. उपाय आत आहे आणि रोगी बाहेर. माझ्या अडीच वर्षांच्या फाइलीचे कोडे मला एका परक्या संस्थेच्या घटनेने उलगडून दाखवले, याचे आश्चर्य अजून ओसरलेले नाही.

डेबियनमधल्या काहींना हे त्याच वेळी दिसत होते, याची नोंद केली पाहिजे. मार्टिन मिखलमायर हे २००३ ते २००५ या काळात प्रकल्पप्रमुख होते. त्यांनी आणि बेंजामिन मेको हिल यांनी २००३ मध्ये एक शोधनिबंध लिहिला. विषय : मुक्त प्रकल्पांचे एकेकट्या व्यक्तीवरील अवलंबन आणि गुणवत्तेवर होणारा त्याचा परिणाम. स्वयंसेवक केव्हा थकेल, लग्न करील, नोकरी बदलील, नुसताच गप्प होईल, हे सांगता येत नाही. आणि गप्प झालेला स्वयंसेवक ‘मी गप्प झालो आहे’ असे कळवत नाही. डेबियनमध्ये अशा बेपत्ता सभासदांचा शोध घेण्याची स्वतंत्र व्यवस्था करावी लागली. म्हणजे एकीकडे आत नाव असलेले पण कामावर नसलेले, दुसरीकडे कामावर असलेले पण आत नाव नसलेले.

येथे मला राहवत नाही म्हणून आपल्या गावगाड्याची आठवण काढतो. त्रिंबक नारायण आत्र्यांच्या ‘गावगाडा’मुळे (१९१५) मराठीच्या विद्यार्थ्याला त्या जगाची तोंडओळख असते. दख्खनच्या गावात जमीन कसणारे दोन प्रकारचे : मिरासदार आणि उपरी. मिरासदाराची जमीन वंशपरंपरेची, गावाच्या कारभारात त्याला स्थान, आणि त्याबरोबर साऱ्याची जबाबदारीही. उपरी बाहेरून आलेला. तो ठरावीक बोलीवर जमीन कसे, पीक काढी, पण गावकीत त्याचा शब्द नसे. मिरासदार गाव सोडून गेला तरी त्याचा हक्क सहजी बुडत नसे. उपऱ्याने कितीही घाम गाळला तरी मिरास त्याची आपोआप होत नसे. ती मिळवता येई, पण किंमत मोजून आणि गावाच्या संमतीने. याच शब्दाच्या वंशातला ‘उपरा’ हा शब्द लक्ष्मण माने यांनी १९८० साली आत्मकथनाच्या मुखपृष्ठावर ठेवला तेव्हा त्यात जमीन तर नव्हतीच, उभे राहायला गावही नव्हते. तेव्हा तुलना ताणू नये. संगणकावरची प्रतीक्षा आणि भटक्याचे आयुष्य यांच्यात काही साम्य आहे असे सुचवणे असभ्यपणाचे होईल. प्रतीक्षा करणारा डेबियनचा अर्जदार बहुधा सुशिक्षित, पोटाची भ्रांत नसलेला. मला साम्य दिसते ते जमिनीच्या बाजूने : कसणे आणि मालकी यांची फारकत.

कारण अर्जदार थांबला असताना रिकामा बसत नसे. तो पॅकेज बांधी, आणि एखादा सभासद ते तपासून आपल्या किल्लीने, आपल्या सहीने आत चढवी. काम याचे, सही त्याची. आषाढात ज्ञानेश्वर महाराजांची पालखी धर्मपुरीला आमच्या सोलापूर जिल्ह्यात येते तेव्हा रथाच्या पुढे आणि मागे क्रमांकाच्या, मानाच्या दिंड्या असतात. आणि त्यांच्या अवतीभोवती कोणताच क्रमांक नसलेले कितीतरी लोक नातेपुते, माळशिरस, वेळापूर करीत तेवढेच चालत असतात. त्यांचे पंढरपूर क्रमांकावाचून अडत नाही. डेबियनच्या अर्जदाराचे मात्र अडे, कारण त्याला प्रत्येक मुक्कामावर कोणाची तरी सही लागे, आणि सही देणाऱ्यालाही वेळ नसे.

२००७ मध्ये सर्वसाधारण ठरावाने यावर एक तोड काढली गेली. ‘डेबियन मेंटेनर’ असा नवा वर्ग निर्माण झाला : संपूर्ण सभासदत्व नाही, मतदान नाही, पण आपल्या ठरावीक पॅकेजांपुरता स्वतः चढवण्याचा अधिकार. आता कसणाऱ्याला निदान आपले पीक आपल्या हाताने बाजारात नेता येऊ लागले. उपऱ्याला कौल मिळाला म्हणा. काहींच्या मते ही उत्तम व्यावहारिक सोय होती. काहींना वाटले, की मूळ दार दुरुस्त करण्याऐवजी शेजारी खिडकी पाडली. मला दुसरे मत अधिक पटते. पण खिडकीतून पुष्कळांना हवा मिळाली, हे नाकारता येणार नाही.

दाराबाहेर उभ्या असलेल्यांची बाजू घेताना दुसरीही बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर हा लेख केवळ माझ्या जुन्या फाइलीचा सूड ठरेल. २००३ च्या नोव्हेंबरात डेबियनच्या काही सर्व्हरांत घुसखोरी झाली. सुरुवात एका सभासदाचा पासवर्ड चोरीला जाण्यापासून झाली होती. एक सभासद म्हणजे एक दार, ही भीती काल्पनिक नव्हती. आणि अलीकडचे प्रकरण तर फारच अस्वस्थ करणारे आहे. ‘एक्सझेड’ हे माहिती आवळून ठेवणारे एक छोटे, सर्वत्र वापरले जाणारे मुक्त सॉफ्टवेअर. त्याची निगा अनेक वर्षे लासे कोलिन हे एकटे स्वयंसेवक राखत होते. ‘जिया टॅन’ असे नाव घेतलेली व्यक्ती (की टोळी, कोण जाणे) २०२१ पासून मदतीला आली. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी तक्रारींची पत्रे येऊ लागली : कामाला फार विलंब होतो, नवे हात घ्या, दुसऱ्याकडे सोपवा. कोलिन यांनी आपण थकलो आहोत असे सांगितले होते. अधिकार दिला गेला. सुमारे दोन वर्षांनी, २०२४ च्या प्रारंभी, त्या अधिकाराने एक चोरवाट त्या सॉफ्टवेअरमध्ये घालण्यात आली. ती डेबियनच्या चाचणीतल्या आवृत्त्यांपर्यंत पोचली. स्थिर आवृत्तीत जाण्याआधी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला एक जोडणी नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद उशिरा होते असे जाणवले, त्याने मुळाशी जाऊन पाहिले, आणि २९ मार्च २०२४ रोजी हे सर्व उघड झाले.

या प्रकरणाचा अर्थ ‘पाहा, सावकाशपणाच बरा’ असा लावला जातो. मला तो उलट वाटतो. त्या व्यक्तीने दोन वर्षे धीर धरला. धीर धरता येणे हा प्रामाणिकपणाचा पुरावा नव्हे. उलट ज्याचा हेतू वाईट आहे आणि ज्याला बहुधा त्याचा मोबदला मिळतो, त्यालाच अमर्याद थांबणे परवडते. हौसेने आलेला माणूस थांबून थांबून निघून जातो. शिवाय विलंबाविषयीच्या ज्या तक्रारींचा तेथे शस्त्र म्हणून वापर झाला, त्या परिणामकारक ठरल्या कारण विलंब खरा होता, एकट्या माणसावरचा भार खरा होता. जेथे सही करणारे चार असतात तेथे असा दबाव आणणे अवघड असते.

आता भाषेच्या कामाकडे येतो. पॅकेज बांधणाऱ्याला उशिरा का होईना, दार होते. पण डेबियनमध्ये पॅकेज न बांधणारेही राबत होते : माहितीपुस्तके लिहिणारे, मेळावे भरवणारे आणि मुख्यतः अनुवादक. यांचे काय? १९९८ च्या घटनेत सभासदाची व्याख्या पाहिली तर ती उदार आहे. पॅकेज राखणारे, किंवा प्रतिनिधींना मोलाचे वाटेल असे अन्य काम करणारे, दोघेही सभासद होऊ शकतात. शब्द होते, चाल मात्र नव्हती. परीक्षा पॅकेज बांधणाऱ्याच्या मापाने बेतलेली, आणि ‘मोलाचे’ म्हणजे काय हे ठरवणारे सगळे पॅकेज बांधणारे. २०१० च्या ऑक्टोबरात, स्टेफानो झाकिरोली प्रमुख असताना, एक सर्वसाधारण ठराव मोठ्या बहुमताने संमत झाला : पॅकेज न बांधणाऱ्या योगदात्यांचे सभासद म्हणून स्वागत असावे आणि त्यासाठी योग्य ती पद्धत प्रतिनिधींनी आखावी. मतदानासह पूर्ण सभासदत्व, फक्त पॅकेज चढवण्याचा अधिकार नाही. व्याख्येतील एका ‘किंवा’ला प्रत्यक्षात उतरायला जवळपास बारा वर्षे लागली.

या बारा वर्षांच्या अखेरीस एक गोष्ट घडली, तिच्याकडे मराठीच्या अभ्यासकांचे लक्ष गेल्याचे मला दिसलेले नाही. १४ फेब्रुवारी २००९ रोजी डेबियनची पाचवी आवृत्ती आली. ‘लेनी’ हे तिचे नाव. ती संगणकावर बसवताना जो कार्यक्रम चालतो त्याला नव्याने मिळालेल्या भाषांत मराठी होती. वापरणाऱ्याला पडद्यावर विचारले जाणारे असंख्य प्रश्न, इशारे आणि चुकांचे संदेश मराठीत झाले. साध्या अक्षरपडद्यावर देवनागरीची जोडाक्षरे बसत नसत, म्हणून चित्रमय पद्धतीनेच ही मराठी दिसे. हे काम कोणी तरी वाक्यावाक्याने केले होते. ‘विभाजन’ म्हणावे की ‘पार्टिशन’, ‘किल्ली’ म्हणावे की ‘की’, आज्ञार्थ ‘करा’ असावा की ‘करावे’, हे प्रश्न त्या माणसाला पडले असणार. परिभाषा कोशांच्या खंडांवर आपण चर्चासत्रे भरवतो. परिभाषा खरोखर वापरात आणणारे हे काम मात्र आपल्या वाङ्मयेतिहासाच्या कोणत्याही टिपणात नाही. आणि ज्या दिवशी ते जगभर प्रसिद्ध झाले त्या दिवशी, केवळ त्या कामाच्या बळावर आत घेणारे दार त्या संस्थेतही अजून नीट उघडलेले नव्हते.

मध्यंतरी एम.ए.च्या वर्गाला मी हे दाखवले. अनुवादाच्या घटकात सहसा नाटके आणि कादंबऱ्या असतात. एक दिवस बदल म्हणून संगणक-कक्षात गेलो आणि एका जुन्या यंत्रावर डेबियन बसवायला घेतले. भाषांची लांबलचक यादी आली, तिच्यात खाली सरकत गेल्यावर ‘मराठी’ सापडले. वर्गात थोडी हालचाल झाली. पुढचे प्रश्न विद्यार्थीच मोठ्याने वाचू लागले आणि दोन-तीन शब्दांवर वादही झाला. मग एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, अनुवाद कुणाचा?” पडद्यावर नाव नव्हते. ते अनुवादाच्या मूळ फाइलीत असते. तिच्या अगदी डोक्यावर ‘शेवटचा अनुवादक’ अशी एक ओळ असते, आणि नाव तेथे लिहिलेले असते. ती फाइल उघडून मी त्यांना ती ओळ दाखवली.